आठ पाचची कॉन्टेस्ट आणि टँकरचा हिशोब

संपादक महोदय, स.न.वि.वि.

सध्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची गडबड चालूये आणि त्यासोबत 'कोडिंग कॉन्टेस्ट खेळा, पॅकेज मिळवा' टाइप क्लासच्या जाहिरातीपण, म्हणून हे पत्र. मी अकरा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, चार वर्षं फ्रेशर पोरांचे इंटरव्ह्यू घेतोय आणि कॉलेजात असताना मी स्वतः याच नादाला लागलो होतो, त्यामुळे अगदी बाहेरून बोलत नाहीये.

माझा भाचा सेकंड इयरला आहे. कोडफोर्सेस नावाच्या रशियन साइटवर बऱ्याचदा रात्री आठ पाचला कॉन्टेस्ट सुरू होते (तिकडे मॉस्कोत तेव्हा संध्याकाळचे पाच पस्तीस, म्हणून ही विचित्र वेळ), नेमकी ताईकडे जेवणाची तीच वेळ. दोन तास दार बंद, ताट झाकून ठेवलेलं आणि आतून मधूनच 'अरे यार, टेस्ट दोनवरच राँग आन्सर' असं ऐकू येतं. पाच-सहा कोडी असतात, प्रोग्रामने एक-दोन सेकंदात उत्तर काढायचं, दोन लाख आकडे दिले तरी. त्यावरून रेटिंग ठरतं, बाराशेच्या आत असलात तर तुमचं नाव राखाडी, वर गेलात की हिरवं, सोळाशेला निळं. पोरं या रंगासाठी जीव टाकतात, मीपण टाकलाय, खोटं कशाला बोलू.

फायदा होत नाही असं अजिबात नाही. कॉन्टेस्ट खेळलेल्या पोराला 'लाख गुणिले लाख' दिसलं की साध्या इंटमध्ये (म्हणजे पूर्णांक ठेवायच्या नेहमीच्या खणात) हे मावणार नाही हे हाताला आपोआप कळतं, कारण २१४ कोटींच्या पुढे गेलं की इंट फिरून उणे होतो आणि त्यापायी त्याने कधीतरी रेटिंग घालवलेलं असतं. ही चूक फक्त नवशिक्यांची नाही बरं का, जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी निम्मी-निम्मी करत शोधायची पद्धत) मधली जागा काढताना बेरजेत हीच चूक होती आणि २००६ मध्ये ती उघड होईपर्यंत नऊएक वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. शिवाय कंपन्यांची पहिली ऑनलाइन टेस्ट साधारण याच छापाची असते, आम्हीच ती ठेवतो, त्यामुळे सहा महिने-वर्षभर मन लावून खेळणं वसूल होतं हे माझं मत आहे.

पण तिथून पुढे हिरव्याचं निळं आणि निळ्याचं जांभळं करण्यात वर्षं घालवायची, तेही नोकरीसाठी, हे मला पटत नाही. मागे एक निळ्या रेटिंगचा मुलगा इंटरव्ह्यूला आला होता, डोकं खरंच तल्लख, कोडं पाच मिनिटांत सोडवलं. मग मी त्याला आमच्याकडचा जुना दोनेकशे ओळींचा कोड दिला आणि म्हटलं यात बिलात एक पैसा कुठे चुकतोय ते शोध. वीस मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "सर, मी सगळं नवीन लिहून देऊ का?" यात त्याची चूक नाही, कॉन्टेस्टचा कोड दोन तासांनी कचऱ्यात जातो, तो परत कुणी वाचत नाही, नावं ए, बी, सी दिली तरी चालतात. आमच्याकडे दिवसातला निम्मा वेळ दुसऱ्याचं लिहिलेलं वाचण्यात जातो, आणि लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

त्यात आता एआय. २०२५ ला अझरबैजानमधल्या बाकूमध्ये आयसीपीसीची, म्हणजे कॉलेजांच्या टीमच्या जागतिक प्रोग्रामिंग स्पर्धेची, वर्ल्ड फायनल झाली, तिथली बाराच्या बारा कोडी ओपनएआयच्या सिस्टीमने सोडवली, माणसांच्या पहिल्या टीमची अकरा झाली. गूगलने तर आपली कोड जॅम ही कोडिंग स्पर्धा २०२३ मध्येच बंद केली. म्हणून खेळू नका असं नाही, कॉम्प्युटर जिंकतो म्हणून बुद्धिबळ कुणी सोडलं का? पण बुद्धिबळाच्या रेटिंगवर नोकरी मिळेल असं कुठला क्लास सांगत नाही. आणि खेळायचंच असेल तर मी आयसीपीसी सांगेन, तीन जणांत एकच कॉम्प्युटर, पाच तास, सुटलेल्या कोड्यामागे आधीच्या प्रत्येक चुकीच्या उत्तराला वीस मिनिटं दंड. कीबोर्ड कुणी धरायचा आणि कुणी कागदावर चूक शोधायची यावरून जी भांडणं होतात ना, ती आमच्या ऑफिसच्या सगळ्यात जवळ जातात.

भाच्याला मी मे महिन्यात आमच्या सोसायटीचा टँकरचा हिशोब दिला होता, कुणाला किती पैसे लागतात ते काढायचं, बस. त्याला वाटलं तासाभराचं काम. कॉन्टेस्टमध्ये आकडे कसे येणार ते आधी छापून दिलेलं असतं, इथे वॉचमनची वही होती, एका जागी 'दोन' लिहिलंय, एका जागी २, एका जागी नुसत्या दोन रेघा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फ्लॅट दोन वेगवेगळ्या नावांनी. तीन आठवडे लागले. बिल लावल्यावर काकू वही घेऊन खाली आल्या आणि त्यांचंच बरोबर निघालं, एक टँकर दोनदा धरला गेला होता. पठ्ठ्याने ते रात्रीत दुरुस्त केलं, पण आठ पाचची कॉन्टेस्ट संपवून मगच.

आपला,
एक वाचक, पुणे