जुनैद यांचे शेवटचे वाक्य का गाळले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकातील सूफी विचार आणि हज या विषयावरचा लेख वाचला आणि सोमवारीही तो मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बसऱ्याच्या सूफी संत राबियांना मक्केतील काबा हे घर नको होते, त्या घराचा मालक म्हणजे अल्लाह हवा होता, एवढ्या आधारावर लेखकांनी सूफींना काब्याची यात्रा निरर्थक वाटत असल्याचा निष्कर्ष काढला आहे. त्याच राबिया हजच्या वाटेवर असतानाच्या कथा सूफींनीच जपल्या आहेत आणि सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबींनी आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाचे लेखन मक्केतच सुरू केले, याचा लेखात उल्लेखही नाही.

बगदादचे सूफी गुरू जुनैद यांचा संवाद लेखात आहे, परंतु अपुरा. हजहून परतलेल्या माणसाला ते विचारतात, की घर सोडलेस तेव्हा पापेही मागे सोडलीस का, एहराम म्हणजे यात्रेची बिनशिवणीची वस्त्रे बांधताना कपड्यांबरोबर अंगचे दोष उतरवलेस का, मिना येथे सैतानाला खडे मारलेस तेव्हा मनातल्या वासना फेकल्यास का. आणि प्रत्येक प्रश्नाला नकार आल्यावर शेवटी ते म्हणतात, की मग तुझी हज झालीच नाही. लेखकांनी येथेच पूर्णविराम दिला. अकराव्या शतकात सूफी लेखक हुजविरींनी ‘कश्फुल महजूब’ या ग्रंथात नोंदवलेल्या संवादात मात्र जुनैद त्याला परत जाऊन मी सांगतो तशी हज कर, असे सांगतात. हे वाक्य गाळले, की सगळा संवाद उलट्या बाजूला जाऊन बसतो.

हे मला इतके लागण्याचे कारण माझे वडील आहेत. अब्बांचे नाशिकच्या भद्रकालीत शिंप्याचे दुकान होते आणि काज-बटणाचे काम माझ्याकडे असे. १९८८ साली मुंबईहून जहाजाने हजला निघण्यापूर्वी त्यांनी देणी फेडली, नातेवाइकांची माफी मागितली, आणि मग त्यांना आठवले ते गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेले तुकडे, ज्यांतून आम्हा बहिणींची झबली आणि उशांचे अभ्रे शिवले गेले होते. महिनाभर ते संध्याकाळी दुकान बंद करून जुन्या गिऱ्हाइकांच्या दारी जात आणि तेवढे कापड मला माफ करा, असे म्हणत. बहुतेकांनी हसून त्यांना चहा पाजला. पंचवटीतील एका गृहस्थांनी मात्र त्या बदल्यात एक पायजमा फुकट शिवून मागितला आणि अब्बांनी तो निघण्याच्या आदल्या रात्री बसून पुरा केला. त्यांनी जुनैद यांचे नावही ऐकले नसावे, तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ते नाशिकमध्येच देऊन निघाले होते. पण हज ठरलीच नसती, तर ते त्या दारांपर्यंत गेले असते असे मला वाटत नाही. बाहेरची यात्रा आतल्या यात्रेला अशी ओढून नेते आणि लेखकांनी नेमकी हीच गाठ तोडली आहे.

एहरामच्या दोन वस्त्रांकडे पाहून आपले कफन आठवावे, असे इस्लामी विचारवंत गझाली सांगतात. जन्मभर लोकांचे कपडे बेतणाऱ्या अब्बांनी ती बिनशिवणीची वस्त्रे मक्केतील झमझम विहिरीच्या पाण्यात भिजवून आणली, ट्रंकेत जपून ठेवली आणि २००३ मध्ये आम्ही त्यांना त्याच वस्त्रांत दफन केले.

आणखी एक तक्रार आहे. लेखासोबतचे छायाचित्र हजचे नाही, ते दर्ग्यावर चादर नेणाऱ्या मिरवणुकीचे आहे. बडी दर्ग्याच्या उरुसाला मीही जाते. पण उरूस हा वलीच्या म्हणजे संताच्या पुण्यतिथीचा असतो, तर हज इस्लामी वर्षाच्या शेवटच्या, जिल्हज महिन्याच्या ठरलेल्या दिवसांतच होते आणि नऊ तारखेला अराफातच्या मैदानात उभे राहिल्याशिवाय ती पुरी होत नाही. पुढच्या रविवारी छायाचित्राबद्दल खुलासा आणि जुनैद यांचे राहिलेले वाक्य, दोन्ही छापावे ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, जुने नाशिक