विषय: फुकट बीपी तपासणीचा फॉर्म वापरून आई-बाबांच्या गळ्यात मारलेलं ज्येष्ठांच्या देखभालीचं पॅकेज आणि त्याचे पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग (असा काही विभाग तुमच्याकडे खरंच असेल तर)

नमस्कार,

तुमच्या ॲपवर तक्रार टाकली की "आम्ही तुमच्या भावना समजू शकतो" असा मेसेज येतो आणि संध्याकाळपर्यंत तिकीट आपोआप क्लोज होतं, म्हणून आता सगळं सविस्तर ईमेलवर लिहितेय. याचीच प्रिंट बाबा स्पीड पोस्टाने पण पाठवणारेत, त्यांचा ईमेलवर विश्वास नाही आणि तुमच्यावर तर अजिबातच नाही.

आमचे आई-बाबा कोथरूडला राहतात, बाबा 81, आई 76. मी कर्वेनगरला, म्हणजे गाडीवर दहा मिनिटं, सिग्नल लागला तर पंधरा. भाऊ न्यू जर्सीत असतो. आता हे तुम्हाला माहितीच आहे, कारण 1 ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाच्या निमित्ताने तुम्ही सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये जो "मोफत आरोग्य तपासणी" कॅम्प लावला होता त्याच्या फॉर्मवर नाव, वय, आजार यांच्या खाली एक रकाना होता, "मुलं कुठे असतात" आणि त्याच्यापुढे "व्हॉट्सॲप नंबर". बीपी मोजायला न्यू जर्सीचा नंबर कशाला लागतो हे बाबांनी तिथल्या मुलाला विचारलं पण होतं. तो म्हणाला "काका, इमर्जन्सीसाठी असतो, सगळेच भरतायत." मागे लाइन होती, बाबांनी भरला.

आणि बीपी मोजलं कसं तेही ऐका. लिफ्ट बंद, बाबा तीन जिने उतरून, अंगण ओलांडून, क्लब हाऊसचा जिना चढून आले, बसले न बसले तोच शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, आणि मशीन चालू असताना तो मुलगा त्यांच्याशी गप्पा मारतोय, शुगर किती असते, पेन्शन कुठली. आमच्या डॉक्टरांनी बाबांना पक्कं शिकवलंय की आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, बोलायचं नाही, अर्धा तास आधी चहा नाही. बाबा तसंच करतात आणि वहीत तारीखवार लिहितात, त्या आठवड्यातलं सकाळचं रीडिंग 134/80 च्या आसपास आहे. तुमच्या कॅम्पात आलं 168/94. येणारच ना!

ते 168 तुम्ही लाल रंगात, वर "हाय रिस्क" असा शिक्का मारून भावाला व्हॉट्सॲप केलंत. बाबांना नाही, आईला नाही, मला नाही, भावाला. मग फोन. त्याच्या ऑफिसच्या वेळात, एकदा नाही, सारखे. त्याने मला नंतर सगळं सांगितलं आणि एका कॉलचं रेकॉर्डिंग पण दिलंय, त्यात तुमची बाई अगदी हळव्या आवाजात म्हणते की "सर, तुमच्या फादरनी स्वतःहून आमचा फॉर्म भरलाय, याचा अर्थ त्यांना गरज वाटतेय पण मुलांना सांगवत नाहीये." सांगवत नाहीये! फुकट आहे म्हणून बीपी मोजून घेतलेल्या माणसाबद्दल हे. आणि पुढे "पेरेंट्स तिथे एकटेच असतात ना सर", तेव्हा फॉर्मवर बाबांनी माझा नंबर पण दिलाय, नात्यापुढे "मुलगी, कर्वेनगर" असं लिहिलंय. त्या मुलीला तुम्ही सोयीस्कर गाळलंत, कारण मुलगी दहा मिनिटांवर आहे म्हटल्यावर परदेशातला मुलगा पैसे कशाला भरेल.

गाळलंत असं तरी कसं म्हणू, त्याच आठवड्यात मलाही तुमचे मेसेज सुरू झाले, "आई-बाबांचं करता करता तुम्ही स्वतःला विसरताय का?" म्हणजे त्याला सांगायचं की तिथे कोणी नाही, आणि जी आहे तिला सांगायचं की तू दमलीयेस. झालं असं की भावाने मला रात्री फोन करून विचारलं, बाबांचं बीपी एवढं वाढलंय आणि तू मला बोलली नाहीस? आमची जुंपली, चांगली जुंपली, दिवाळीच्या तोंडावर आम्ही एकमेकांशी धड बोलत नव्हतो. त्या भरात त्याने वर्षाचं पॅकेज घेऊन टाकलं. 54,000 आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 63,720 रुपये. बाबांना कळलं तेव्हा तुमचा माणूस बॉक्स घेऊन दारात उभा होता.

बाबा बँकेत इन्स्पेक्शनला होते, हे तुमच्या फॉर्मवर नव्हतं, असतं तर बरं झालं असतं. त्यांनी तुमचं ते सव्वीस पानी ॲग्रीमेंट भिंग घेऊन बसून वाचलं, दोन दुपारी घालवल्या, आणि पेन्सिलने समासात खुणा करून ठेवल्यात. जीएसटीपाशी त्यांनी लिहिलंय, "डॉक्टर, दवाखाना यांच्या उपचाराला जीएसटी नसतो. यांनी लावला आहे. मग ही वैद्यकीय सेवा नाही. मग पत्रकावर 'तज्ज्ञ वैद्यकीय देखभाल' कसे?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या केअर मॅनेजरला आलं नाही, तो म्हणाला अकाउंट्सला विचारून सांगतो. अजून विचारतोच आहे. दुसरी खूण "प्रशिक्षित नर्स" या शब्दांवर. तुम्ही महिन्यातून चार वेळा नर्स येईल म्हणालात, जी मुलगी आली तिला बाबांनी प्रेमाने विचारलं की बाळ, एएनएम केलंस की जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर काय. ती रडवेली झाली. हे नर्सिंगचे कोर्स, एएनएम दोन वर्षांचं असतं, जीएनएम तीन, आणि या मुलीला तुम्ही पंधरा दिवस ट्रेनिंग देऊन पांढरा कोट घातलाय. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही हे स्पष्ट लिहिते. अंबाजोगाईकडची आहे, गुणी आहे, आईच्या पायाला तेल लावून द्यायची, कोणी सांगितलं नव्हतं तरी. तिच्या हातात महिन्याला किती पडतात ते तिने आईला सांगितलंय, तो आकडा मी इथे लिहीत नाही कारण तुम्ही स्वतःत काही बदल न करता तिलाच काढाल.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरात एके दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास आई बाथरूममधून बाहेर येताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती दाराला धरून खाली बसली. पडली नाही, बसली. गळ्यात तुमचं ते पेंडंट होतं, ज्याच्या जाहिरातीत "एक बटण, 30 मिनिटांत डॉक्टर दारात" असं लिहिलंय. तिने बटण दाबलं. लागला, फोन लागला, ते कबूल करते. पलीकडून हिंदीत पॅकेज आयडी विचारला. आईला तो कुठून माहिती असणार. मग लँडमार्क. मग बाबांनी फोन घेतला तर त्यांना सांगितलं की डॉक्टरची घरी व्हिजिट ॲड-ऑन आहे, तुमच्या प्लॅनमध्ये नाही, "सर से अप्रूवल लेना पड़ेगा". सर म्हणजे माझा भाऊ. तिकडे रात्रीचा एक वाजलेला. तो झोपलेला, फोन सायलेंटवर. म्हणजे बाई इथे कोथरूडला जमिनीवर बसलीय, नवरा शेजारी उभा आहे, स्वतःच्या पेन्शनवर घर चालवणारा माणूस, पैसे आत्ता देतो म्हणतोय, आणि तुम्ही परवानगी मागताय न्यू जर्सीची. शेवटी तुमच्या माणसाने काय सल्ला दिला तर "आप 108 पे कॉल कर लीजिए". अहो 108 सरकारची आहे, फुकट आहे, त्यासाठी 63,720 भरायची गरज नव्हती!

समोरच्या काकूंनी मला फोन केला, मी पोचेपर्यंत त्यांनी आईला आडवं करून पायाखाली उशी दिली होती, पाणी पाजलं होतं. आमचे नेहमीचे डॉक्टर दवाखाना संपवून घरी येऊन गेले. बसलेलं आणि उभं असं दोन्ही वेळा बीपी मोजलं तर उभं राहिल्यावर एकदम खाली येत होतं, नवीन सुरू केलेल्या गोळीमुळे. त्यांनी डोस कमी केला, उठताना आधी पलंगाच्या कडेला जरा बसून मग उठायला सांगितलं. आई आता ठणठणीत आहे. तुमचा कॉल दुसऱ्या दिवशी आला, फीडबॅकसाठी, पाचपैकी किती स्टार. तोही भावाला.

माझं म्हणणं नीट समजून घ्या, अशी सेवाच नको असं मी म्हणत नाहीये. पुण्यात घरोघरी हीच परिस्थिती आहे, मुलं बाहेर, ब्युरोतल्या मावश्या आज येतात उद्या येत नाहीत, चांगली माणसं मिळाली तर लोक आनंदाने पैसे देतील. पण दोन महिन्यांत तुमच्यापैकी एकाने तरी आई-बाबांना विचारलं का, तुम्हाला काय हवंय? मी विचारलं. बाबांना नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत सोबत हवी होती कारण अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही आणि मग या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरावं लागतं. आईला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात महिन्यातून एखाद्या प्रयोगाला जायचंय, पायऱ्या चढताना आणि अंधारात उतरताना कोणीतरी हाताला धरणारं पाहिजे, बस. हे मी तुमच्या केअर मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणे "मॅम, हे वेलनेस प्लसमध्ये येतं." त्याऐवजी त्याने टॅब काढून बाबांची स्मरणशक्ती तपासायला विचारलं, आज वार कुठला, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत जा. डॉक्टरांनी कारणाने विचारलं तर ठीक आहे, पण सेल्सवाल्याने, शेजारचे लोक बसलेले असताना? बाबांनी शंभरापासून दोनपर्यंत न थांबता म्हणून दाखवलं आणि मग त्याला विचारलं, आता तू सांग, 54,000 वर चार महिन्यांचं प्रो-राटा, म्हणजे तेवढ्या काळाच्या हिशेबाने, किती. तो टॅबमध्ये कॅल्क्युलेटर शोधत बसला.

आणि तो फोटो. कॅम्पातला आईचा फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकलाय, ब्लॅक अँड व्हाइट करून, मागे बासरी, वर ओळ "सातासमुद्रापार गेलेल्या लेकाची वाट पाहणारे डोळे". माझ्या मामेबहिणीने नागपूरहून पाठवला तेव्हा आम्हाला कळलं. आई त्या फोटोत चहाची वाट बघत होती. फॉर्मवर लिहिलं होतं तपासणीनंतर चहा-बिस्किट मिळेल, ते संपलं होतं आणि ती परत आणायला गेलेल्या माणसाकडे बघत होती. कोणाला विचारून टाकला? ज्येष्ठ नागरिक संघातल्या बायका तिला विचारतात, काय गं, लेक बघत नाही वाटतं. भावाने तो रील पाहिला त्या दिवशी तो फोनवर काही बोललाच नाही.

पैसे परत मागितल्यावर तुमचं उत्तर आलं की कलम 19 नुसार रक्कम नॉन-रिफंडेबल आहे आणि वाद असल्यास न्यायक्षेत्र गुरुग्राम. त्यावर पण बाबांची पेन्सिल फिरलीय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, गुरुग्रामला जायची काही गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पण नाही. सेवेत कमतरता असताना मागूनही ती बंद करून पैसे 30 दिवसांत परत न करणं हे त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत बसतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि तुमची "30 मिनिटांत डॉक्टर" वाली जाहिरात अजून नळ स्टॉपच्या रिक्षांमागे फिरतेय, मी फोटो काढून ठेवलाय. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन करून तक्रार नोंदवणं तर बाबांच्या दृष्टीने सकाळच्या चहाबरोबर होणारं काम आहे.

तेव्हा पुढच्या पंधरा दिवसांत वापरलेल्या काळाचे कापून उरलेले पैसे भावाच्या खात्यात यायला पाहिजेत, आणि ते कापताना ज्या ज्या वेळी "नर्स" आली म्हणून लावलंय ते नर्सच्या दराने लावायचं नाही. आईचा फोटो सगळीकडून काढा, आणि काढल्याचं लेखी कळवा. आमच्या तिघांचे नंबर आणि बाबांचं ते 168 तुमच्या सिस्टीममधून पुसा, आणि ज्या कोणाला पुढे दिलेत त्यांच्याकडूनही, कारण गेल्या आठवड्यात श्रवणयंत्रवाल्यांचा आणि प्री-पेड अंत्यविधी पॅकेजवाल्यांचा असे दोन्ही फोन येऊन गेले (दुसरा आईने उचलला, तिने त्याला दर विचारले आणि महाग आहे म्हणून सांगितलं). सोसायटीच्या कमिटीला मी फॉर्मची कॉपी दिलीय, पुढचा कॅम्प विसरा.

तुमचं पेंडंट, चार्जर आणि बीपी मशीन बॉक्समध्ये भरून ठेवलंय, बाबांनी वर यादी चिकटवलीय, सही घेतल्याशिवाय देणार नाहीत. न्यायला माणूस पाठवायचा असेल तर आधी बाबांना फोन करून वेळ ठरवा. मला नको, भावाला तर नकोच.

कळावे,
एक ग्राहक (वतीने: आई आणि बाबा)
कोथरूड, पुणे

सोबत: ॲग्रीमेंटची पेन्सिलच्या खुणांसकट झेरॉक्स, इनव्हॉइस, कॅम्पच्या फॉर्मचा फोटो, बीपीच्या वहीची दोन पानं, कॉल रेकॉर्डिंग (ईमेललाच जोडलंय)