पाईपलाईन कागदावर एकदम सेफ आहे

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

समृद्धीच्या कडेनं मुंबईहून नागपूरपर्यंत गॅसची लाईन आली, नागपूरहून पुढं ओडिशातल्या झारसुगुडापर्यंतचा तिचा रस्ता आहे, आणि त्यावरून आमच्या इथं पानठेल्यावर रोज दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आता गॅस स्वस्त होईल, दुसरी म्हणते एक दिवस सगळे उडू. मी दोन्ही पार्ट्यांचं ऐकून घेतो कारण मी सहा वर्षं दुसऱ्या एका लाईनीवर लाईनवॉकर होतो, म्हणजे लाईनीवरून पायी फिरून पाहणी करणारा, कंत्राटी, पाठीवर बॅग, हातात काठी, खिशात जीपीएसचं यंत्र आणि रोज वावरावावरातून पायी. कंपनीचं नाव लिहीत नाही आणि कंत्राटदाराचंही नाही, नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटतात.

पहिले हे सांगतो की नियम कमी नाहीत. लोकांना वाटते कोणी पाहतच नाही, तसं नाही आहे. जमिनीखालून पाईप न्यायचा कायदा 1962 चा आहे, त्यात जमीन शेतकऱ्याचीच राहते पण कंपनीला वापराचा हक्क भेटतो, मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के आणि पिकाचं नुकसान वेगळं. त्या पट्ट्यात मग घर नाही, विहीर नाही, तळं नाही, झाड नाही, पऱ्हाटी-तूर-सोयाबीन काय लावायचं ते लावा. 2006 मध्ये पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा आला, 2009 ला गॅसलाईनीच्या सुरक्षेचे तांत्रिक नियम, 2010 ला आणीबाणीत काय करायचं त्याचे, 2012 ला इंटिग्रिटी मॅनेजमेंटचे, म्हणजे पाईप जन्मभर धड आहे का नाही ते कसं तपासायचं त्याचे. त्यावर बाहेरच्या एजन्सीचं ऑडिट वेगळं. यातलं एकही फालतू आहे असं माझं म्हणणं नाही. 27 जून 2014 ला आंध्रात नगरम गावाजवळ पहाटे गॅसलाईन फुटली, वीसच्या आसपास माणसं गेली, नारळाची झाडं उभ्या उभ्या जळाली. पाईप गंजला होता, गॅससोबत पाणी वाहत होतं ते आतून लोखंड खात होतं, वरून सगळं हिरवंगार. असं झाल्यावर नियम कडक होणारच आणि झालेच पाहिजे.

तपासणी कशी होते तेही सांगतो, कारण गावात कोणालाच माहीत नसते. पाईपच्या आतून एक यंत्र सोडतात, त्याला पिग म्हणतात, साधा पिग कचरा साफ करते आणि हुशार पिग चुंबकानं लोखंड कुठं पातळ झालं ते टिपत जाते, पण तो काही वर्षांतून एकदा. मधातल्या काळात भरवसा दोन गोष्टींवर, पाईपवरचं प्लास्टिकचं कोटिंग आणि पाईपला दिलेला बारीकसा करंट, त्यानं गंज चढत नाही. तो करंट नीट पोचते का हे पाहायला किलोमीटर-किलोमीटरवर एक खांब असते, टेस्ट लीड पोस्ट, आम्ही टीएलपी म्हणतो आणि गावचे लोक बकरी बांधायचा खुटा म्हणतात. टेक्निशियन आला की मी सोबत राहायचो. त्याच्याजवळ एक नळी असते, त्यात मोरचूदाचं पाणी आणि तांब्याची कांडी, म्हणजे संत्र्याला बोर्डो करायला आपण जो मोरचूद आणतो तोच. नळीचं टोक मातीत रोवायचं, मीटर जोडायचं, उणे 850 मिलिव्होल्ट किंवा त्याच्याही खाली आकडा आला की पाईप खुश. आता आमची काळी माती मे महिन्यात कशी होते ते तुम्हाला माहीत आहे, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या सुक्या ढेकळात नळी टेकवली की मीटरचा आकडा नुसता नाचते. पाणी ओतावं लागते आणि ते मुरेपर्यंत थांबावं लागते. आमच्या बाटलीतलं प्यायचं पाणी कितीदा मातीला पाजलं त्याचा हिशोब नाही. वर हीच माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, दरवर्षी पाईपच्या कोटिंगला ओढते-ढकलते, लाईन हायटेन्शनच्या तारांच्या बाजूनं गेली असली तर त्या तारांचा करंट पाईपमध्ये उतरते ते वेगळं. आमच्या इथं वीज केंद्रं कमी आहेत का.

एवढं सगळं बारकाईनं पाहायला माणूस लागते आणि वेळ लागते. मी लागलो तेव्हा माझ्याकडं आठ किलोमीटर होते, सोडलं तेव्हा बारा झाले होते. मधात अ‍ॅप आलं. प्रत्येक पॉईंटला जाऊन फोटो काढा, वेळ टाका, अपलोड करा, नेटवर्क नसलं की धुऱ्यावर चढून मोबाईल आभाळाकडं धरून उभे राहा. आधी मी चालता चालता शेतकऱ्याजवळ पाच मिनिटं बसायचो, चहा प्यायचो, औंदा बोअर करणार आहे का, पांदण रस्ता कोण खोदून राहिलं, हे सगळं त्या पाच मिनिटांत कळायचं. अ‍ॅप आल्यावर ते पाच मिनिटं गेले, कारण यंत्रात थांबलेला दिसलो की सुपरवायझरचा फोन, "काऊन थांबला बे?" रिपोर्ट मात्र शंभर टक्के. ऑडिटवाले आले की शंभर टक्के पाहून खुश. त्यांच्या आदल्या आठवड्यात मार्करला, म्हणजे खाली लाईन आहे हे दाखवणाऱ्या खांबाला, नवीन पिवळा पेंट मारला जायचा, तो मीच मारायचो, म्हणून सांगतो. आणि मॉक ड्रिल झालं तेव्हा तर कमालच, गावकरी कसे पळतील ते दाखवायचं होतं, तर गावात कोणी दवंडीही दिली नाही, आमच्याच कंत्राटी पोरांनी हेल्मेट काढून गावकऱ्यांचा रोल केला. फोटो चांगले आले.

आता मुद्द्याची गोष्ट. तीन उन्हाळ्यांपूर्वी, मेमध्ये, साडेदहाच्या सुमारास मला दुरून पोकलेनचा आवाज आला. जवळ गेलो तर लाईनीच्या पट्ट्यातच शेततळं सुरू. मार्करचा खांब उपटून धुऱ्यावर ठेवलेला, व्यवस्थित, कोणी चोरून नेऊ नये म्हणून. बकेट वर आली तर त्यात मातीसोबत पिवळ्या प्लास्टिकची पट्टी लोंबत होती. ती पट्टी पाईपच्या वर मुद्दाम टाकलेली असते, खाली लाईन आहे, थांबा, हे सांगायला. ऑपरेटर दुसऱ्या तालुक्यातला, तासाच्या रेटवर आलेला, त्याला वाटलं जुन्या ठिबकचा कचरा आहे. मी बकेटच्या समोर जाऊन उभा राहिलो, दुसरं काही सुचलंच नाही.

शेतमालक पोरगा तिशीच्या आतला. माझ्यावर भडकला. "भाऊ, माह्या वावरात मले काऊन थांबवून राहिले तुमी? सातबारा पाहा ना, काई लिवलं आहे का?" आणि दाखवला त्यानं मोबाईलवर. खरंच काही नव्हतं, इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा सोडून एक ओळ नाही. पैसे त्याच्या आज्यानं घेतले होते, आजा वारला, मग हिस्सेवाटणी झाली, फेरफार झाला, आणि या पोराच्या वाट्याला पाईप आला पण पाईपची माहिती आली नाही. राजपत्रात निघालं होतं, 21 दिवसांत हरकत घ्या म्हणून नोटीसही निघाली होती, सगळं कायदेशीर. 2011 ला तर कायदा बदलून पाईपचं मुद्दाम नुकसान करणाऱ्याची शिक्षा चांगलीच वाढवली. पण या पोराचं यात मुद्दाम काय होतं मला सांगा. मार्करवर मजकूर इंग्रजी आणि हिंदीत, फोन नंबरचे मधले आकडे उन्हानं उडालेले, आणि खांबाचा अर्थ त्याला आयुष्यात कोणी सांगितला नव्हता.

सरकारनं मार्च 2023 मध्ये कॉल बिफोर यू डिग नावाचं अ‍ॅप काढलं, खोदायच्या आधी त्यात टाकायचं म्हणजे खाली ज्याची केबल-पाईप आहे त्याला निरोप जाते. चांगलं आहे. आमच्या आठवडी बाजारात जेसीबी-पोकलेनवाले सगळे एकाच चहाच्या टपरीवर बसतात, मी तिथं विचारलं, एकालाही माहीत नव्हतं, आणि प्रत्येकाजवळ मोठा मोबाईल. आता शेततळी, जलजीवनच्या नळाच्या लाईनी, बोअर, फायबर, सगळीकडं खोदणंच चालू आहे. समृद्धीच्या पट्ट्यात कुंपण आहे, तिथं कोणी तळं खोदणार नाही, पण पट्टा सुटला की पाईप वावरातूनच जाणार.

लोकांना स्फोटाची भीती वाटते, मला ओरखड्याची वाटते. त्या दिवशी बकेटचा दात पाईपला नुसता घासून गेला असता तर काहीच झालं नसतं, तळं झालं असतं, पोरगा खुश, ऑपरेटर पैसे घेऊन गेला असता. कोटिंग फाटलेल्या जागी पुढची कित्येक वर्षं ओली काळी माती लागून राहिली असती आणि हुशार पिग येईपर्यंत कोणाला पत्ता नाही. मोठ्या लाईनीतल्या नैसर्गिक गॅसला बरेचदा वासही नसते, वास शहरात घरोघरी देताना मिसळतात. एलपीजीची लाईन असली तर गॅस जड, नाल्यात-खोलगटात साचून बसते. हे गावाला माहीत पाहिजे का नाही? आणीबाणीचा प्लान जिल्हाधिकारी साहेबांच्या कार्यालयात असते, त्यातली दोन पानं मराठीत करून ग्रामसभेत वाचायला किती खर्च येते?

मला विचाराल तर पटवाऱ्यानं इतर हक्कात नोंद घेतली आहे का हे ऑडिटमध्ये तपासा, मार्करचा पेंट नाही. मॉक ड्रिलमध्ये खरे गावकरी किती होते ते विचारा. लाईनवॉकरला किलोमीटर किती, पगार किती आणि तो किती शेतकऱ्यांना नावानं ओळखते हे विचारा.

तो पोरगा नंतर माझा दोस्त झाला. तळं त्यानं पट्टा सोडून वरच्या बाजूला केलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये झड लागली होती, चार दिवस कोणी वावरात पाय ठेवला नाही, मीही नाही, अ‍ॅपमध्ये सवलत होती. पाचव्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. "भाऊ, नाल्याचा काठ खचला, अन् तुमचा पाईप उघडा पडला, काळा काळा दिसून राह्यला, या लवकर." गेलो तर पाईपच्या खालून पाणी वाहत होतं, चांगला दोन-अडीच मीटर पाईप अधांतरी. संध्याकाळपर्यंत वाळूची पोती लागली, नंतर दगडी पिचिंग झालं, काम चांगलं केलं त्यांनी, तक्रार नाही. मी रिपोर्ट भरायला बसलो तर माहिती कशी मिळाली यात चार पर्याय होते, नियमित पाहणी, ड्रोन, कंट्रोल रूम, इतर विभाग. शेतकऱ्यानं कळवलं असा पर्यायच नव्हता. सुपरवायझर म्हणे नियमित पाहणी टाक, म्हणून मी नियमित पाहणी टाकलं.

आपला,
एक माजी लाईनवॉकर, जि. वर्धा
(नाव छापू नये ही विनंती)