हदीसवाल्याच्या हाती भिंग

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत पंधराव्या शतकातले कैरोचे हदीसपंडित (हदीस म्हणजे पैगंबरांची वचने आणि वागणे यांची नोंद) इब्न हजर अस्कलानी यांच्यावर लेख पाहून आनंद झाला. तो दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला.

‘सहाशे वर्षांपूर्वी सोशल डिस्टन्सिंग सांगणारा संशोधक’ हे कुठून काढलेत? 1430 साली कैरोत प्लेगने रोज 40 च्या आत माणसे दगावत होती, लोक तीन दिवस उपास करून शहराबाहेर सामूहिक प्रार्थनेला गेले आणि महिना सरायच्या आत रोजचा आकडा 1000 वर गेला. ही नोंद त्यांचीच. पण ती ज्यात आहे त्याच ‘बज्लुल माऊन’ या प्लेगवरच्या ग्रंथात रोग एकाचा दुसऱ्याला लागतो हे ते साफ नाकारतात, आणि प्लेग जिन्नांच्या टोचण्याने होतो ही हदीस प्रमाण मानतात. जमावावर त्यांचा आक्षेप होता तो अशा प्रार्थनेला पैगंबरांच्या वागण्यात आधार नाही म्हणून. हे सगळे आपल्या लेखकाने सोयीस्करपणे गाळले.

करोनाच्या वर्षी मी याच विषयावर एका दैनिकाला मजकूर पाठवला होता. तिथून फोन आला, “सर, एखादा गणिती, वैद्य असेल तर द्या. हदीसवाला कोण वाचणार?” तो फोन अजून कानात आहे. बुखारींच्या हदीससंग्रहावर ‘फतहुल बारी’ ही टीका लिहायला या माणसाने इस्लामी कालगणनेतली हिजरी 817 ते 842 एवढी वर्षे घातली, काम संपल्यावर कैरोबाहेर 500 दिनारांची मेजवानी दिली. शिवाय शाफई या सुन्नी कायदेपंथाचे मुख्य काझी, म्हणजे न्यायाधीश, तेही कितीदा पदावरून गेले आणि परत आले. एवढे पुरत नाही? ज्ञानेश्वरीवर टीका लिहिणाऱ्याला आपण कधी विचारतो का, की बुवा, तुम्ही एखादी लस शोधलीत का?

लेखात त्यांच्या तीन मुली मात्र कुठेच नाहीत. फातिमा आणि आलिया हिजरी 819 च्या साथीत गेल्या, झैन खातून 833 च्या, म्हणजे वर सांगितलेल्या 1430 च्याच साथीत, तीही गरोदर असताना. प्लेगवरचा ग्रंथ लिहिणारा माणूस हा असा. पत्नी उन्स खातून स्वतः हदीस शिकवत. पुढे इतिहासकार म्हणून गाजलेल्या सखावींसारखा विद्यार्थी उन्स खातून यांच्याकडे शिकला. आपल्या लेखात त्या ‘पत्नी’ एवढ्याच, त्याही बिननावाच्या.

चित्रात इब्न हजरांच्या हाती भिंग देणाऱ्या चित्रकाराला माझा नमस्कार सांगावा. जांभळ्या चौकटीतली पांढरी बारीक अक्षरे वाचायला ते मलाच हवे होते. आज शब्दकोड्यालाही तोच रंग दिला आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज