आमच्या एकवीस चिठ्ठ्यांचं काय झालं?

मा. मंत्री महोदय,
महाराष्ट्र शासन, यांस

सप्रेम नमस्कार.

दीड महिन्यापूर्वी आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेला आपण आलात. विषय होता ‘माध्यमे, डिजिटल बदल आणि नागरिक’. वेळ सहाची होती, आपण पावणेआठला पोचलात. त्याची तक्रार नाही. दौरे लांबतात हे गावाला ठाऊक आहे आणि बायाबापड्या शेवटपर्यंत बसून राहिल्या. आपण पन्नास मिनिटं बोललात, चांगलं बोललात. खोटी बातमी कशी ओळखावी, ओटीपी कुणाला का सांगू नये, हे आमच्या पोरांना नीट समजलं.

मग प्रश्नोत्तरं होती. आपल्या स्वीय सहायकांनी लांबूनच हाताने खूण केली आणि थेट आभारप्रदर्शन सुरू झालं. माझ्याकडे एकवीस चिठ्ठ्या जमल्या होत्या. गाडीत बसताना मी त्या आपल्या हातात दिल्या. आपण म्हणालात, “पंधरा दिवसांत एकेकाला उत्तर जाईल, शब्द देतो.”

एकालाही उत्तर आलेलं नाही. परवा मात्र त्या व्याख्यानाची चित्रफीत आपल्या फेसबुक पानावर झळकली. वर मथळा ‘ग्रामस्थांशी मनमोकळा संवाद’. खाली प्रतिक्रिया लिहायची सोय बंद. ते पाहिलं आणि रात्रीच हे पत्र लिहायला घेतलं.

त्या चिठ्ठ्यांमधली एक माझ्या आईची होती. तिचं वय ७८. श्रावणबाळ या वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये हीच तिची स्वतःची म्हणावी अशी मिळकत. पाच महिने झाले, ते आलेले नाहीत. आधारवर पडताळणी करा म्हणतात. साठ वर्षं खुरपं आणि विळा धरलेल्या हाताच्या बोटांना रेषा राहिल्यात कुठे? मशीन बोट घेत नाही. चेहऱ्याने करा म्हणाले, तर ॲप सांगतं डोळे मिचकावा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली बाई डोळे मिचकावते, पुन्हा मिचकावते, आणि फोन मानत नाही. सात खेपा झाल्या. ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, म्हणून तिचं भाडं वाचलं. माझं लागलं, आणि सात दिवसांचं काम बुडालं ते वेगळंच. प्रत्येक वेळी परतताना ती एकच विचारते, “सायबाला सांगितलंस का रं, माझं बोट उमटत न्हाई म्हून?” सांगितलं, आये. गाडीच्या काचेतून हातात देऊन सांगितलं.

आणि कायदा नाही असंही नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा म्हणतो की अधिसूचित, म्हणजे शासनाने यादीत जाहीर केलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळालीच पाहिजे. नाही मिळाली तर पहिलं अपील, दुसरं अपील, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. या कायद्याचं नाव घेऊन मी टेबलावर पोच मागितली. उत्तर मिळालं, “ऑनलाइनची पोच ऑनलाइनच निघते.” पण पडताळणीच होत नाही म्हणून ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज नाही म्हणून पोच नाही, पोच नाही म्हणून मुदत सुरू होत नाही, आणि मुदत सुरूच झाली नाही तर अपील कशाचं करू? पूर्वी कारकून कागद घ्यायला नाही म्हणाला तर चार माणसं साक्षीला उभी करता यायची. आता नाही म्हणणारा समोर दिसतच नाही. माझ्या आळीतच अशा सात-आठ म्हाताऱ्या आहेत. तालुक्यात किती असतील, याचा आकडा तुम्ही द्या, तुमच्या यंत्रणेत तो आहे.

भाषणात तुम्ही आगरकरांचं नाव दोनदा घेतलंत. आमच्या शिवारात पाणी येतं ते टेंभू योजनेचं, आणि आगरकर जन्मले तेही त्याच टेंभूत, १८५६ साली. ‘केसरी’चे पहिले संपादक, मतभेद झाल्यावर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढणारे. लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ते विरोधकांशी वाद घालत राहिले. त्यांचं नाव घेता आणि एकवीस चिठ्ठ्या तुम्हाला जड होतात?

चिठ्ठ्या बाजूला ठेवू. विचारायचं तरी कुठे, हे सांगा. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये. पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच होता. ज्याला आपण निवडलंच नव्हतं, त्याला जाब विचारणार तरी कसा होतो? ग्रामसभा कागदावर पूर्ण होते, सह्या घरी फिरून घेतल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. राहिला माहितीचा अधिकार. २००५ च्या कायद्यात व्यक्तिगत माहितीच्या कलमातच लिहिलं होतं की व्यापक जनहित असेल तर ती द्यावी. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ते शब्दच काढले. जनहिताची वेगळी तरतूद कलम ८(२) मध्ये अजून आहे, पण खेड्यातल्या माणसाने तिच्यासाठी अपिलात किती वर्षं घालवायची? उद्या मी विचारलं, गावातल्या कुणाकुणाचं निवृत्तिवेतन का थांबलं, तर ‘ती व्यक्तिगत माहिती आहे’ एवढं उत्तर पुरेल. शासनाला आमचं बोट हवं, चेहरा हवा, खातं हवं, आणि आम्ही यादी मागितली की ती खासगी.

तुम्ही म्हणालात, लोक अफवांवर विश्वास ठेवतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. कृष्णाकाठच्या माझ्या बहिणीला त्या रात्री धरणाच्या विसर्गाबद्दल तीन निरोप आले, तिन्ही वेगळे. ती कार्यालयात फोन लावत राहिली, कुणी उचलला नाही. मग शेजाऱ्याने पुढे ढकललेला निरोप तिने खरा धरला. खरं सांगणारं माणूस फोन उचलत नसेल तर आम्ही कुणाचं ऐकायचं?

मागणं मोठं नाही. ज्यांची बोटं उमटत नाहीत, त्यांची पडताळणी तलाठी आणि ग्रामसेवकांनी घरी येऊन, कागदावर करावी आणि पोच हातात द्यावी. अडलेले पाच महिने एकरकमी द्यावेत. आणि तुम्ही परत या. भाषण नको. वाचनालयाची खोली रविवारी मोकळी असते, सतरंजी आम्ही घालतो.

चिठ्ठ्यांच्या छायाप्रती माझ्याकडे आहेत. हरवल्या असतील तर कळवा, पुन्हा पाठवतो.

आपला,
गावच्या वाचनालयाचा कार्यवाह
जि. सांगली