तिजेची कोर आणि बारा-चारचा वॉच

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फोटो ताईच्या मोबाइलवर पाहिला. बारीक कोर, आणि तिच्या कुशीत उरलेला चंद्र राखाडी, पण अख्खा दिसतोय. "बाबा, तिथे ऊन पोचत नाही, मग तो भाग दिसतो कसा?" असं विचारलंयस, त्याचंच उत्तर लिहायला बसलोय. तू जहाजाच्या शिडीवरून घसरलास हे ताई बोलून गेली. त्याबद्दल अक्षर लिहायचं नाही असं ठरवलंय.

लहानपणी रात्रीच्या गाडीला माझ्याबरोबर यायचास, आठवतं? कशेडीच्या वळणांवरचे दगड चमकायचे आणि तू विचारायचास, आत बल्ब आहे का? पोलादपूरला गाडी थांबली तेव्हा मी हेडलाइट घालवून दाखवला होता. दगड गायब! चंद्राचं तेच. त्याची माती जुन्या डांबरी रस्त्याइतकी काळपट. शंभर भाग ऊन पडलं तर बाराएक भाग परत फेकते. पौर्णिमेचा चंद्र म्हणजे सूर्याच्या चार लाखांत एक हिस्सा उजेड, आणि तेवढ्यात मला घाटातला कठडा न् कठडा दिसायचा. आकडे शेजारच्या मास्तरांचे, कठडा माझा.

आता तुझा राखाडी भाग. कोरीवर सरळ ऊन पडतं. बाकीच्या चंद्रावर तेव्हा रात्र असते, पण त्या रात्रीत आकाशात पृथ्वी असते. आपल्याकडे अमावास्या, तेव्हा तिथून पृथ्वी भरलेली दिसते. आपल्या चंद्राच्या तेरापट जागा व्यापणारी, आणि पौर्णिमेच्या चाळीसेक पट उजेडाची. आपण शंभरातलं तीस भाग ऊन परत पाठवतो, त्यातलं थोडं चंद्रावर पडतं आणि तिथून उलटून आपल्या डोळ्यांत येतं. अष्टमीपर्यंत तिथली पृथ्वी निम्मी होते, इकडे कोर जाड होऊन डोळे दिपवते, मग तो भाग दिसेनासा होतो. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. फक्त त्याला वाटलं, चमकतो तो समुद्र. तू समुद्रावरच आहेस, तुला कळेल. वरून पाहिलं तर समुद्र काळा, ऊन गिळणारा. चमकतात ते ढग.

आणि मास्तरांनी नकाशा काढून दाखवलं ते ऐक. आपल्याकडे संध्याकाळी सव्वासातला मी खळ्यात उभा राहून कोर बघतो, तेव्हा तिच्या समोर असते ती आफ्रिका आणि अटलांटिक. आपण कडेला, अंधारात गेलेले. तांबडा समुद्र टाळून तुमचं जहाज केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून वर चाललंय, म्हणजे तुझ्याकडे तेव्हा दुपारचे पावणेदोन, तुझा बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. तुझ्या डोक्यावरच्या ढगांचं ऊन चंद्रावरून मला दिसतं. हे समजल्यापासून रोज बाहेर येऊन उभा राहतो. आई म्हणते, मान धरेल.

पण बारा ते चार म्हणजे रात्रीचाही. मग झोपतोस कधी? ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतल्या, अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे त्याआधीच उठून तयार राहायला हवं. वॉच सुटला की लगेच डेकवर कामाला जुंपतात का? चोवीस तासांत दहा तास विश्रांती, आठवड्याला सत्त्याहत्तर, असा नियम आहे. मी विचारून घेतलंय. वहीत विश्रांतीचे खोटे तास भरून सही करायला लावत असतील तर करू नकोस. नवखा म्हणून गप्प बसू नकोस. पहाटे तीन ते पाच डोळा कधी लागतो ते डोळ्यालाही कळत नाही. आमचा कंडक्टर त्या वेळी पुढे येऊन उभा राहायचा आणि तूरडाळीच्या भावावरून उगाच वाद काढायचा. मी चिडायचो. चिडलेला माणूस झोपत नाही हे त्याला ठाऊक होतं. तुझ्याशी कोण भांडतं तिथे?

झालं, लेक्चर सुरू झालं. माफ कर. एवढ्या मोठ्या जहाजावर दुर्बीण घेऊन उभा असतोस, हे डेपोत सांगताना माझा आवाज चढतो, हेही खरंच. ताईने तुझा युनिफॉर्ममधला फोटो तिथल्या ग्रुपवर टाकलाय. जुने ड्रायव्हर विचारतात, पोरगं कुठवर पोचलं? मी नकाशा उघडतो. आणि मग रात्री पडल्यावर ती शिडी डोळ्यांपुढे येते. ओली होती का? बूट कंपनीचे होते की तुझे जुने? एक हात कायम कठड्याला ठेव, हातात काहीही असलं तरी. कॉफीचा मगसुद्धा नको.

शिमगा तोंडावर आलाय. पालखी घरी येईल तेव्हा तुझ्या नावाचा नारळ ताई देईल. काकाही येतो म्हणालेत, पाहू. आजीच्या गोळ्या बदलल्या, आता झोप लागते तिला.

लागलं नक्की कुठे ते मला लिही, ताईला नको. गुडघा की घोटा, सूज उतरली का, एवढं तरी. आईला शिडीचं सांगितलेलं नाही, तेव्हा रविवारी फोनवर सांभाळून बोल.

तुझा,
बाबा