लिफ्ट अडकली की आधी ऑइल बघा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कृषी पानावर गेल्या काही आठवड्यांत फवारणीचे ड्रोन आणि नव्या ट्रॅक्टरांबद्दल बरंच छापून आलं. मी सगळं वाचलं. पण आमच्या अंकलखोपच्या रानांत जे ट्रॅक्टर फिरतात त्यांत वीस-पंचवीस वर्षांचे जुने कितीतरी आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. माझा मॅसी १०३५ त्यातलाच. आमचे मालक जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून तो मीच चालवते. यंदा जूनमध्ये त्याची लिफ्ट, म्हणजे मागं जोडलेलं औजार उचलणारी यंत्रणा, अडकली. त्या तीन दिवसांत एका पोराचा जीव जाता जाता राहिला, म्हणून हे पत्र.

अडसाली उसाच्या लागणीसाठी अडीच एकर रान तयार करायचं होतं. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला होता. नऊ फणांचा कल्टिव्हेटर आदल्या आठवड्यातच जोडून ठेवला होता, आणि उचललेला तसाच ठेवला होता. ही आमची चुकीची सवय. सकाळी रानात नेला, लिफ्टचा लिव्हर खाली केला, कल्टिव्हेटर जागचा हलला नाही. लिव्हर वर केला तरी वर जाईना. ना खाली ना वर, तसाच लोंबकळत.

मेकॅनिकला फोन केला. तो दुपारी आला, सीटवर बसला, लिव्हर दोनदा मागंपुढं केला आणि म्हणाला, “वैनी, पंप गेलाय. लिफ्ट उतरवायला लागंल. तीस-बत्तीस हजार धरून चाला.” पाच मिनिटांत निघूनही गेला. माणूस वाईट नाही, पेरणीच्या दिवसांत त्याला दहा ठिकाणी जायचं असतं. पण त्यानं डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची काडी, काढूनसुद्धा बघितली नाही.

ती मी काढली. या जातीच्या ट्रॅक्टरला ती उजव्या बाजूला पायाशी, बाजूच्या झाकणातच असते. काडीवर जे आलं ते बघून मला २०१९चा ऑगस्ट आठवला. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमचा ट्रॅक्टर मडगार्डपर्यंत बुडाला होता. पूर ओसरल्यावर मालकांनी खालचा नट काढला तेव्हा असंच, दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑइल आलं होतं. त्यांनी तेव्हा तीनदा ऑइल बदललं होतं, म्हणूनच ट्रॅक्टर वाचला. ऑइलचा तो रंग मी विसरणार नाही.

मग मी आमच्या गल्लीतल्या तात्यांना बोलावलं. एसटीच्या वर्कशॉपात त्यांची बत्तीस वर्षं गेली. मेकॅनिक काय म्हणाला ते सांगितलं, तसे ते म्हणाले, “अगं, पंपाचं काम वर उचलायचं. खाली येतंय ते आपल्या वजनानं. नुसता पंप मेला असता तर कल्टिव्हेटर कवाच भुईला टेकला असता की.”

इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवून ही गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. सिलिंडरमध्ये ऑइल दाबानं शिरलं की औजार उचललं जातं. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली की औजार आपल्या भारानं खाली येतं. ही वाट उघडणारा-मिटणारा एक छोटा व्हॉल्व्ह पंपाच्या अंगातच बसवलेला असतो. लिव्हर वर केला की तो एका बाजूला सरकून पंपाकडं ऑइल जाऊ देतो, खाली केला की दुसऱ्या बाजूला सरकून सिलिंडरमधलं ऑइल सोडतो, आणि मधल्या जागी दोन्ही वाटा बंद. तो इतका घट्ट मापाचा असतो की गंजाचा कण किंवा गाळाचा थर बसला तरी जागच्या जागी धरतो. आमचा मधल्याच जागी धरला होता. व्हॉल्व्ह पंपातच असल्यामुळं मेकॅनिकचं बोट चुकीच्या जागी नव्हतं, हे मी मान्य करते. पण अडकलेला व्हॉल्व्ह आणि निकामी झालेला पंप यांत हजारो रुपयांचा फरक आहे, आणि तो फरक न बघताच सांगितला जातो.

तात्यांनी घरातून जुना तवा मागवला. चुलीवर तापवून त्यावर डिपस्टिकचा एकच थेंब टाकला आणि लांब उभे राहिले. थेंब फोडणीसारखा तडतडला. ऑइलमध्ये पाणी आहे याची ही खूण. कोरडं ऑइल नुसतं पसरतं आणि धुरकटतं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. आम्ही तव्याभोवती असताना माझा पुतण्या हातोडा घेऊन ट्रॅक्टरमागं गेला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की लिफ्टच्या हाताला ठोकलं की औजार सुटतं. मी वळून बघते तर पोरगा कल्टिव्हेटरच्या फणांखाली उकिडवा बसून वर ठोकतोय. दोन-सव्वादोन क्विंटल लोखंड त्याच्या पाठीवर होतं आणि ते धरून ठेवायला आत कोंडलेल्या ऑइलशिवाय काही नव्हतं. मी ओरडले नाही, दचकून तो डोकं वर आपटेल म्हणून. जवळ जाऊन त्याचा दंड धरला आणि बाहेर ओढलं. मग मात्र माझे हातपाय कापायला लागले.

तात्यांनी सगळी कामं थांबवली. बाभळीचे चार ओंडके आणून कल्टिव्हेटरच्या फ्रेमखाली दोन्ही बाजूंनी रचले, वर वीतभरच जागा ठेवली. इंजिन बंद, किल्ली माझ्या कमरेला. पुतण्यानं लिव्हरला लांब पाइप घालायची तयारी केली होती, तीही त्यांनी काढून टाकायला लावली. जोर लावला तर आतल्या दांड्या वाकतात आणि मग खरंच लिफ्ट उतरवावी लागते.

खालचा नट सकाळी उघडायचं ठरलं, कारण पाणी ऑइलपेक्षा जड. रात्रभर ट्रॅक्टर उभा राहिला की ते तळाला बसतं आणि आधी बाहेर येतं. तसंच झालं. पहिल्यांदा जवळजवळ अर्धी बादली पाणी आलं, मग ते चहासारखं ऑइल. एवढं पाणी त्या ऑइलमध्ये होतं, आणि या ट्रॅक्टरला गिअरबॉक्स, मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शिअल आणि लिफ्ट या तिघांना ऑइल एकच. म्हणजे लिफ्टनं अडून आम्हाला वेळेवर सांगितलं, नाहीतर गिअर आणि बेअरिंगही गंजले असते. (जुनं ऑइल ओढ्यात ओतू नका. आम्ही बॅरलमध्ये भरून भंगारवाल्याला दिलं.)

ऑइल काढल्यावर उजव्या बाजूचं झाकण उघडलं. बॅटरीच्या उजेडात व्हॉल्व्हचं टोक दिसलं, तांबूस झालेलं. तात्यांनी गंज सोडवायचा स्प्रे मारला आणि अर्धा तास नुसते बसून राहिले. मला घाई झाली होती, त्यांना नव्हती. मग बोटाएवढ्या पितळी दांडीनं हलके हलके दाबायला सुरुवात केली, मी शेजारी उभी राहून लिव्हर जरा वर, जरा खाली करत होते. पंधरावीस मिनिटं काहीच नाही. नंतर एकदम धाडकन आवाज झाला आणि कल्टिव्हेटर ओंडक्यांवर बसला. सूचना नाही, कुरकुर नाही. आदल्या दिवशी त्या जागी पोरगा बसला होता. तो आवाज ऐकून पुतण्या पांढरा पडला.

पाणी शिरलं कुठून? गिअर लिव्हरच्या बुडाशी रबराची टोपी असते, ती फाटली होती. वळवात शेडचा पत्रा उडाल्यापासून ट्रॅक्टर उघड्यावर भिजत होता, आणि त्याआधी धुवायला नेला तेव्हा पाण्याचा जोराचा फवारा नेमका तिथंच मारला गेला होता. ती टोपी दोनशे रुपयांच्या आत मिळाली. टोपी, झाकणाचं गास्केट, आणि ऑइल दोनदा (पहिलं आठ दिवस हलकं काम करून परत काढलं, आत राहिलेलं पाणी-गाळ धुऊन निघावा म्हणून), सगळा खर्च मेकॅनिकनं सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याखाली आला. त्यातही बहुतेक पैसे ऑइलचेच. तात्यांनी एक रुपया घेतला नाही.

त्यांनी सांगितलेलं मी डायरीत लिहून ठेवलंय. औजार वर जातं पण इंजिन बंद केलं की हळूहळू खाली बसतं, तर दाब कुठंतरी निसटतोय, बहुतेक सील किंवा सिलिंडरच्या रिंगा. उचलताना गुरगुर आवाज येतो आणि झटके बसतात, तर ऑइल कमी आहे किंवा हवा ओढतोय. अगदी सावकाश उतरत असेल तर लिव्हरजवळचा, उतरण्याचा वेग ठरवणारा रिस्पॉन्स ‘स्लो’ला राहिलाय का ते आधी बघावं. ऑइल स्वच्छ, पातळी बरोबर, व्हॉल्व्ह मोकळा आणि तरीही लिफ्ट उचलत नसेल, तेव्हा पंपाचं नाव घ्यावं. दुसऱ्या बनावटीत पंप आणि व्हॉल्व्ह वेगळ्या जागी असतात, त्यामुळं झाकण उघडण्याआधी जाणत्याला विचारावं. पण औजार आपल्या भारानं खाली येतं ही गोष्ट आमच्याकडच्या बहुतेक सगळ्या ट्रॅक्टरांना लागू आहे, आणि त्याखाली न जाणं ही तर सगळ्यांनाच.

किर्लोस्करवाडी आमच्याच तालुक्यात आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना वसवला, तेव्हा लोखंडी नांगरानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. त्यांना पटवून द्यावं लागलं. आज आमच्या घरातली पोरं मोबाइलवर बघून ट्रॅक्टर चालवायला शिकतात, पण उचललेल्या औजाराखाली जायचं नाही हे त्यांना कुणी सांगत नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या. आपण कृषी पानावर आठवड्यातून एकदा जुन्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला जागा द्यावी, चित्रासकट. लिहिणारा एखादा निवृत्त मेकॅनिक असावा, एजंट नको. आणि जिल्ह्यातल्या आयटीआयच्या शिक्षकांनी दरवर्षी रोहिणी नक्षत्राच्या आधी गावोगावी एक दिवस येऊन डिपस्टिक, गिअर लिव्हरची टोपी आणि औजाराखाली ठेवायचे ओंडके एवढं तरी दाखवावं. त्या दिवसासाठी माझा ट्रॅक्टर मी देईन. तात्यांना विचारलंय, ते यायला तयार आहेत. तव्याची आणि चहाची सोय माझ्याकडं.

आपल्या कृषी पानाची वाचक,
एक शेतकरी महिला
अंकलखोप, ता. पलूस, जि. सांगली